आश्विनातल्या दोऱ्या

आश्विन लागला की आमच्या आळीतल्या दोऱ्या सुटतात. चार महिने हॉलमध्ये, पडवीत, जिन्यात, जिथे म्हणून खिळा सापडेल तिथे बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या. एका सकाळी कोणीतरी पहिली गाठ सोडतं आणि दुपारपर्यंत सगळी आळी त्याच कामाला लागलेली असते. कपडे अंगणात जातात, गाद्या गच्चीवर जातात, उशा कठड्यावर ओळीने बसतात. आमचं घर रत्नागिरीत, मांडवीच्या अंगाला. घरातून समुद्र दिसत नाही, पण कपड्यांना तो बरोबर कळतो. जून ते सप्टेंबर या घरात खडखडीत सुकलेला एक रुमाल मिळेल तर शपथ. म्हणून दोऱ्या सुटल्या की बायकांच्या तोंडावर वेगळंच तेज येतं.

आणि नेमकी त्याच दिवसांत मी स्टुलावर चढून आमच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधत असते.

"काय वहिनी, पावसाला परत बोलावताय काय?" समोरच्या रेवाळेबाई खिडकीतून विचारतात. दरवर्षी हाच प्रश्न विचारतात आणि दरवर्षी तेवढ्याच हसतात.

"होय तर. आला की तुमच्याकडेच पाठवते," मी म्हणते.

यंदाही परवाच बांधल्या. हे ऊन मला झोपाळू करतं. चार महिने झाकण घालून ठेवलेलं सगळं कोणीतरी उघडल्यासारखं वाटतं. भाट्याच्या पुलावरून येताना खाडी गढूळ राहिलेली नसते, कातळावरचं गवत टोकाकडून पिवळं पडत असतं, हवेत भिजलेल्या मातीऐवजी तापलेल्या मातीचा वास असतो. दुपारी आळीत काही म्हणजे काही हलत नाही. अशा दुपारी स्टुलावर उभी राहून गाठ मारता मारता हात थांबतात आणि मी तीन वर्षं मागे जाऊन उभी राहते. आमच्या आईंचे कान तेव्हा शाबूत होते. निदान त्या तसं म्हणत होत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. लांज्याच्या बाजूचं गाव आमचं, गावात सगळं आयुष्य काढून गुडघे दुखायला लागल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. सासरे प्राथमिक शाळेत शिक्षक होते, त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणायचा. मुलगाही गुरुजीच म्हणायचा. ते जाऊन तेव्हाच कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज आमच्याकडे होता, एका कॅसेटमध्ये.

आम्हा बौद्धांच्या घरांतून पावसाचे तीन महिने वर्षावास पाळतात. आषाढी पौर्णिमेला सुरू होतो, आश्विनी पौर्णिमेला संपतो. रोज संध्याकाळी वाडीतली माणसं विहारात जमतात, वंदना होते आणि मग कोणीतरी ग्रंथ वाचतं, बाकीचे ऐकतात. आमच्या वाडीत ते कोणीतरी म्हणजे गुरुजी. एका वर्षी विहाराचं छप्पर गळायला लागलं म्हणून वाचन त्यांच्या घरीच चाललं होतं. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेव्हा नुकतं कॉलेज लागलेलं. मुंबईहून आलेल्या काकाचा टेपरेकॉर्डर त्याने दोन दिवसांसाठी मागून घेतला, गोधडीची घडी करून तिच्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

त्या कॅसेटमध्ये काय काय आहे! कौलांवरचा पाऊस आहे. पान उलटल्याचा आवाज आहे. कोणाचा तरी खोकला आहे, आणि तो कोणाचा यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मधोमध गुरुजींचा आवाज आहे, सावकाश, एकेक शब्द हातात देत असल्यासारखा. आणि साधारण विसाव्या मिनिटाला वाचता वाचता ते थांबतात, आवाज जरा खाली आणतात आणि म्हणतात, "दार लोट गो जरा, झड आत येतेय." मग दाराची करकर, आणि त्या करकरीबरोबर काचेच्या बांगड्यांची किणकिण. त्या बांगड्या आईंच्या. मग पाऊस जरासा लांब जातो आणि गुरुजी पुढचं वाक्य वाचतात.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कानाच्या डॉक्टरांनी आईंना तपासलं. ते म्हणाले, कान हळूहळू जाणार, आधी बारीक आवाज जातील, मग बाकीचे. मशीन लावता येईल, पण खरा आवाज तो खरा. घर आल्यावर रिक्षातून उतरता उतरता आई एवढंच म्हणाल्या, "मग त्यांचं वाचन आयकून घ्याया हवं एकदा. नीट."

मिलिंदला एवढं पुरलं. तो कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे आणि आवाजाचं वेड त्याला त्या काकाच्या टेपरेकॉर्डरपासूनचं. आमच्याकडच्या डबा स्पीकरवर ती कॅसेट वाजवली की गुरुजी रांजणात बसून वाचतायत असं वाटायचं. त्याने ठरवलं, इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर करायचे. घरी. स्वतः.

काय प्रकार होता तो, ते मला जसं समजलं तसं सांगते. दाराएवढ्या उंच लाकडी चौकटीत दोन जाळीचे पत्रे, आणि त्यांच्या मध्ये ताणून बसवलेला प्लास्टिकचा कागद. कागद इतका पातळ की शेजारी उभं राहून बोललं तरी थरथरतो. त्या कागदाला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा आणि जाळ्यांना गाण्याची वीज. मग तो सगळाच्या सगळा कागद पुढेमागे हलतो आणि आवाज येतो. खोका नाही, काही नाही. मिलिंदच्या भाषेत, आवाज आणि कान यांच्यामध्ये फक्त हवा. माझ्या भाषेत, हॉलमध्ये दोन पार्टिशनं.

मे महिन्यात सुरुवात झाली आणि माझ्या संसाराला गळती लागली. कागदावर चोळायला म्हणून भांड्यांचं लिक्विड गेलं. कागद ताणायला म्हणून माझा हेअर ड्रायर गेला. चौकटीला म्हणून दिवाणाखालची फळी गेली. मी ओरडायची, तो "हो हो" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक वस्तू जायची. आई खुर्चीत बसून हे सगळं बघायच्या. "करू दे गो त्याला," म्हणायच्या, "बापासाठी करतोय." मग माझं तोंड बंद.

श्रावणात स्पीकर उभे राहिले. बाहेर धो धो पाऊस, आणि हॉलमध्ये आमचं नेहमीचं पावसाळी जग: खिडकीच्या गजापासून समोरच्या खिळ्यापर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर साड्या, चादरी, आईंच्या दोन गोधड्या, मिलिंदचे सदरे. त्या ओल्या कपड्यांच्या पुढ्यात ती दोन पार्टिशनं. दमट हवेने बिघडू नयेत म्हणून मिलिंदने मागे एक बल्ब लावून ठेवला होता, कपाटात बुरशी येऊ नये म्हणून आपण लावतो ना, तसा. आम्ही तिघं कपड्यांखालून वाकून आत शिरलो आणि बसलो. आईंच्या डोक्याला माझ्या परकराची नाडी लागत होती, ती त्यांनी दोनदा बाजूला केली.

गुरुजी वाचायला लागले. मी त्यांना पाहिलेलं नाही, लग्नाआधीच ते गेले. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा सासरा मिळाला. ते समोर बसले होते. त्यांनी श्वास घेतलेला कळत होता, ओठ मिटलेले कळत होते. आई हलल्या नाहीत. आणि विसाव्या मिनिटाला, "दार लोट गो जरा, झड आत येतेय," असं गुरुजी म्हणाले, तशा आई खुर्चीचे हात धरून उठल्या आणि चालायला लागल्या. दाराशी पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावला, आणि हसतायत की रडतायत ते मला कळेना. मिलिंदला विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण तो उघड उघड रडत होता.

मग रोजच सुरू झालं. संध्याकाळी वंदना, मग कपड्यांखाली बसून गुरुजींचं वाचन. रोज आई त्या वाक्याला उठायच्या, आता मुद्दाम, आणि दार लोटून यायच्या. बाहेर पाऊस, कॅसेटमध्ये पाऊस. कधी कधी डोळे मिटले की कुठला पाऊस कुठला ते सांगता येत नसे. ऑफिसातून दमून आलेली मी भिंतीला टेकून बसायची, अर्धी झोपेत, अर्धी लांज्याच्या त्या घरात. कौलांखालच्या कंदिलाचा उजेड मला दिसायचा. त्या रूपात कधी न पाहिलेलं ते घर मला आतून ओळखीचं झालं होतं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कुठले असं कोणी विचारलं, तर लग्नाचे नाही, नोकरी लागली तेव्हाचे नाही, ते कुबट वासाचे दीड-दोन महिने सांगेन.

गुडघ्यांमुळे आईंना त्या वर्षी गावी जाता येणार नव्हतं. म्हणून वर्षावासाचा शेवटचा दिवस आमच्याकडे करायचा ठरलं. वाडीतली दहा-पंधरा माणसं जीप करून येणार, वंदना होणार, खीर होणार, आणि शेवटचं वाचन गुरुजींचं. "त्यांच्या तोंडून समारोप," आई ज्याला त्याला फोनवर सांगत होत्या. पुढच्या वर्षी कानांचं काय असेल ते कोणाला माहीत, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आम्हाला तेवढं ठाऊक होतं.

मग आश्विन लागला. ऊन पडलं. दोऱ्या सुटल्या. मी हॉल धुऊन काढला, जळमटं काढली, खिडक्या सताड उघडल्या. हॉल इतका मोठा आणि लख्ख दिसायला लागला की मी स्वतःशीच गुणगुणत होते. संध्याकाळी मिलिंदने बटण दाबलं.

आईंनी मान वाकडी केली. थोडा वेळ ऐकलं. म्हणाल्या, "ह्यो कोण वाचतोय?"

"गुरुजी. आये, कालचीच कॅसेट."

"नाय. ह्यो त्यांचा आवाज नाय. त्यांचा आवाज कसा, ऊन ऊन पेजेवानी. ह्यो कानात वाळू टाकल्यावानी लागतोय."

आणि खरंच होतं ते. प्रत्येक 'स' आणि 'श' टोचत होता. पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं व्हायचं. त्या बांगड्या तर चमचे खाली पडल्यासारख्या वाजल्या. "दार लोट गो," झालं, आणि आई जागच्या हलल्या नाहीत. पौर्णिमेला अकरा दिवस होते.

ते अकरा दिवस मिलिंद माणसात नव्हता. आधी त्याला वाटलं, जाळीत धूळ बसली. रंगाच्या ब्रशने एकेक भोक साफ केलं. काही नाही. मग वाटलं, ऊन लागून कागदाचा ताण बदलला. पुन्हा माझा ड्रायर. दोन्ही कागद नव्याने ताणले, त्यात एक फाटला, मुंबईहून दुसरा मागवेपर्यंत तीन दिवस गेले. फरक शून्य. मग म्हणाला, हवा कोरडी झाली, त्यामुळे दाब जास्त बसतोय. व्होल्ट कमी केले. आवाज लहान झाला, पण टोचायचा तसाच टोचत राहिला, फक्त लांबून.

मग त्याने एक रेझिस्टर घातला, बारीक आवाज कापायला. त्याने मात्र फरक पडला. 'स' मऊ झाला, पान मऊ झालं. मिलिंदने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. विसावं मिनिट आलं. "दार लोट गो जरा, झड आत येतेय." दार करकरलं. आई पुढे वाकून ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आन् माझ्या बांगड्या खंय गेल्या?"

बांगड्या नव्हत्याच. टोचणाऱ्या आवाजाबरोबर त्याही कापल्या गेल्या होत्या. दार कोणीतरी लोटलं होतं, पण ते आईंनी नव्हतं लोटलं. मिलिंदने रेझिस्टर काढून टाकला.

मांडवीतच हुसेनभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान आहे. मिलिंदचे सगळे ट्रान्सफॉर्मर त्यांनी गुंडाळून दिलेले. ते स्वतः आले, चष्मा कपाळावर चढवून सगळं तपासलं, सोफ्यावर बसून पाच मिनिटं ऐकलं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मिलिंदभाई, सेट ओके हाय. सेटला काय पण झालेलं नाय. पावसात बरा वाजत होता ना? मंग पावसात काय होतं आन् आता काय नाय, तेवढं बघा."

प्रश्न अगदी बरोबर होता. आणि आमच्या हुशार माणसाने त्याचं उत्तर काय काढावं? "दमट हवा!"

झालं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर हॉलमध्ये चार बादल्या पाणी भरून ठेवलेलं, आणि मध्ये शेगडीवर माझा मोठा टोप, त्यात पाणी रटरटतंय. खिडक्या बंद. बाहेर आश्विनातलं ऊन, आत भट्टी. मिलिंद घामाने निथळत बसलेला आणि स्पीकर चट्‌ चट्‌ ठिणग्यांसारखा आवाज करत होते.

"अहो, काय अंगावर वीज पाडून घ्यायचीय का?" मी ओरडले.

"थांब गं, थोडी आर्द्रता वाढू दे."

"तुमच्या आर्द्रतेच्या आयला," मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं बोलले आणि शेगडी बंद केली. आई आतल्या खोलीतून पोट धरून हसत होत्या. त्या आठवड्यात घरात तेवढंच हसू झालं.

कारण त्याच संध्याकाळी, पुन्हा एकदा कॅसेट लावल्यावर, आईंनी पुन्हा मान हलवली आणि मिलिंदच्या तोंडून निघून गेलं, "आये, यंत्रात काही बिघाड नाही. हुसेनभाईंनीही सांगितलं. तुझे कान गेलेत आता."

तो चिडून नाही म्हणाला. थकून म्हणाला. पण शब्द निघाला तो निघाला. आईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलायला हवं होतं. टोचणारा आवाज मलाही टोचत होता आणि तरी मी गप्प राहिले, कारण मलाही वाटायला लागलं होतं की आपलेच कान लाडावलेत. आई उठून आतल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या वाचनाला बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. "पौर्णिमेला कोणाकडून तरी ग्रंथातलं वाचून घ्या," म्हणाल्या, "मला काय, कान गेलेल्या बाईला कोणीपण चालेल."

माझं ते गप्प बसणं अजून मला छळतं. रात्रीबेरात्री नाही, चांगल्या भर दिवसा, भाजी निवडताना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली. पौर्णिमेला आम्ही पांढऱ्या साड्या नेसतो. आईंच्या चार, माझ्या तीन, अशा सात साड्या धुवून, नीळ देऊन अंगणात वाळत घातल्या. गोधड्याही पाहुण्यांसाठी धुतल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला पूर्वेकडून आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस आमच्याकडे सांगून येत नाही, गडगडाट करतो आणि कोसळतो. मी धावले. अर्धे कपडे भिजले, अर्धे वाचले. ते सगळं ओझं हॉलमध्ये आणून टाकलं आणि भराभरा जुन्या खिळ्यांना दोऱ्या बांधून वाळत घातलं, जागा मिळेल तिथे. सगळ्यात मोकळी जागा स्पीकरच्या मागच्या भिंतीशी होती, म्हणून साड्या आणि गोधड्या तिथे.

मिलिंद तिथेच खाली मान घालून बसला होता. कॅसेट चालूच होती, हल्ली ती दिवसभर चालू असायची, त्यालाही ऐकू येईनाशी झालेली. मी शेवटची गोधडी दोरीवर टाकली आणि पदराला हात पुसत उभी राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता.

आतल्या खोलीचं दार उघडलं. आई दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीवर. मला काही कळलं नाही. मग स्पीकरमधून गुरुजी म्हणाले, "दार लोट गो जरा, झड आत येतेय," आणि आई आमच्या दोघांच्या मधून, कपड्यांखालून वाकून, सरळ पुढच्या दाराकडे गेल्या आणि त्यांनी ते लोटलं. बांगड्या किणकिणल्या, कॅसेटमधल्या. काचेच्या. बारीक, स्वच्छ.

"आता वाचतायत ते," आई म्हणाल्या.

मिलिंदने वर पाहिलं. गोधडीकडे पाहिलं. उठून त्याने गोधडी बाजूला सरकवली, गुरुजींचा 'स' लगेच टोचला. पुन्हा सरकवून जागेवर आणली, मऊ झाला. असं त्याने चार वेळा केलं. मग तो तिथेच खाली बसला.

"हा कागद दोन्ही बाजूंनी वाजतो," तो मला सांगायला लागला, पण खरं म्हणजे स्वतःलाच. "जेवढा आवाज पुढे येतो तेवढाच मागे जातो. मागे उघडी भिंत असली की बारीक आवाज आपटून परत येतो, पुढच्यात मिसळतो. हे मला पाठ आहे गं. पोरांना सांगतो मी हे. आणि मी सगळं जुळवलं ते तुझ्या कपड्यांच्या पुढे बसून!"

आम्ही रत्नागिरीची माणसं. चार महिने घरात कपडे लोंबतात ते आम्हाला दिसतच नाहीत. त्याने पावसाळ्यातली हवा मोजली, व्होल्ट मोजले, कागदाचा ताण मोजला. माझ्या साड्या त्याने मोजल्या नाहीत, आणि मीसुद्धा नाही.

तो उठून आईंपाशी गेला आणि त्यांच्या पायाशी बसला. "आये, तुझे कान बरोबर होते," म्हणाला. "चुकलो मी."

आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आता ह्ये कपडे काढू नको सांग बायकोला," म्हणाल्या.

पौर्णिमेला माणसं आली ती थेट वाळत घातलेल्या कपड्यांत. लख्ख ऊन पडलेलं, अंगण मोकळं, आणि आमच्या हॉलमध्ये गोधड्या. "काय गो, कपडे काढाया येळ नाय गावला?" गावच्या काकू पुढे होऊन माझी साडी दोरीवरून ओढायला लागल्या, तर मिलिंद जवळजवळ अंगावर गेला त्यांच्या. "कोणी हात लावायचा नाही!" मग सगळी वाडी माझ्या साड्यांपुढे मांडी घालून बसली आणि गुरुजींनी समारोप केला. दाराशी आई गेल्या तेव्हा कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने तेवढं हळूच सांगितलं, "तो खोकला माझा." अजून दोघांचा तोच दावा आहे.

त्यानंतर आईंनी आणखी दोन आश्विन ते वाचन ऐकलं. दुसऱ्या वर्षी बांगड्या त्यांना ऐकू येत नव्हत्या. मला ते कळलं, कारण दार लोटून येताना त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मी मान हलवायची, वाजल्या म्हणून. तिसऱ्या वर्षी आवाजही पुसट झाला. तेव्हा त्या स्पीकरच्या लाकडी चौकटीला पाठ टेकून बसायच्या, तेवढं हलणं त्यांना पुरायचं, आणि माझ्या खुणेवर उठायच्या. गेल्या माघात त्या गेल्या.

मिलिंद म्हणतो, आता भिंतीला लावायला फोमच्या लाद्या मिळतात, मागवल्या की दोऱ्यांची कटकट नको. लाद्या आल्याही, माळ्यावर पडून आहेत. आईंच्या चार पांढऱ्या साड्या मी कोणाला दिल्या नाहीत. दरवर्षीसारख्या यंदाही आश्विनात त्या धुतल्या, नीळ दिली, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि वाळलेल्याच आणून घरात दोरीवर घातल्या. रेवाळेबाई हसतात ते ह्यालाच.

काल पौर्णिमा होती. गावाहून यंदा कोणी आलं नाही, आम्ही दोघंच. दुपारचं जेवण झालं, वंदना झाली, मिलिंदने बटण दाबलं. समोर त्या चार साड्या होत्या, पंख्याने जरा हलत होत्या. आईंची खुर्ची तिच्या जागी होती. बाहेर एवढं ऊन की अंगणात उघड्या डोळ्यांनी बघवत नव्हतं. आवाज अगदी बरोबर लागला होता, ऊन ऊन पेजेवानी. मी मिलिंदकडे बघत नव्हते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. विसावं मिनिट जवळ आलं तसा त्याने हात बटणाकडे नेला. मला कळलं, तेवढं वाक्य त्याला ऐकायचं नव्हतं. उठायला कोणी नसताना ते घरात वाजू द्यायचं नव्हतं.

"राहू दे," मी म्हणाले.

गुरुजी थांबले. आवाज खाली आणला. "दार लोट गो जरा, झड आत येतेय."

मी उठले. साड्यांखालून वाकून दाराशी गेले. बाहेर आळीतल्या सगळ्यांचे कपडे उन्हात वाळत होते. आतून आईंच्या बांगड्या वाजल्या आणि मी दार लोटलं.